लांबच्या राइडला बाइकची स्पेअर चावी: कुठे ठेवायची, कोणाकडे द्यायची, हरवली तर काय करायचं

नवीन बाइक घेतली की शोरूममधून दोन चाव्या मिळतात. एक आपण किचेनला लावतो आणि दुसरी कपाटात जाते ती तिथेच राहते. शहरात फिरताना याने काही बिघडत नाही, चावी हरवलीच तर रिक्षा करून घरी जायचं आणि दुसरी आणायची. पण कोकण किनारा, गोवा, स्पिती-लडाख असं काही करायला निघालात की ती कपाटातली चावी असून नसल्यासारखी होते. आमच्याकडे नव्याने राइडला येणारी मंडळी टायर, चेन, रेनसूट, पंक्चर किट सगळं विचारतात, चावीचं कोणीच विचारत नाही, म्हणून हे एकदा नीट लिहून काढतोय.

दोनच गोष्टी धरून चाला. पहिली चावी ज्या कारणाने जाईल त्याच कारणाने दुसरी जाता कामा नये. आणि दुसरी चावी बाहेर काढायला पहिली चावी लागता कामा नये. पुढचं सगळं यातूनच येतं.

तयारीला बसताना हे जवळ असू द्या (यातलं सोबत काय न्यायचं ते पुढे)

- कंपनीच्या दोन्ही ओरिजिनल चाव्या आणि चावीवर किंवा सोबतच्या पत्र्याच्या टॅगवर कोरलेला नंबर
- आरसी, लायसन्स, इन्शुरन्स पॉलिसी (डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमध्ये, आणि एकेक झेरॉक्स बॅगेत)
- छोटी झिपलॉक पिशवी, मजबूत दोरी किंवा लेस
- बारीक टोकाचा चिमटा, तुमच्या बाइकच्या साइड पॅनलला लागणारी ॲलन की
- स्मार्ट की असेल तर तिचा बटण सेल
- रोडसाइड असिस्टन्सचा नंबर, फोनमध्येही आणि कागदावरही

१. तुमची चावी कुठल्या जातीची आहे ते आधी बघा

साधी चावी म्हणजे नुसता खाचा पाडलेला धातू. स्प्लेंडर, पल्सर, क्लासिक, हिमालयन अशा बऱ्याच गाड्यांना हीच असते आणि ही कोपऱ्यावरचा चावीवालासुद्धा बनवून देतो.

दुसरी चिपवाली. ट्रायम्फ स्पीड ४००, बीएमडब्ल्यू वगैरे गाड्यांना इमोबिलायझर असतो, म्हणजे चावीच्या डोक्यात चिप असते आणि गाडी ती ओळखते. अशा चावीची नुसती खाचांची कॉपी काढली तर ती फिरते, मीटर लागतो, हँडल लॉक पण उघडतं, इंजिन मात्र सुरू होत नाही. चावीचं डोकं जाड प्लास्टिकचं आहे म्हणजे चिप असणारच असं काही नाही, मॅन्युअलमध्ये बघा किंवा सर्व्हिस सेंटरला सरळ विचारा. चिपवाल्या गाडीत एक चालू चावी हातात असेल तर दुसरी प्रोग्रॅम करणं त्यामानाने सोपं जातं, दोन्ही गेल्या तर खर्च कुठल्या कुठे जातो.

तिसरी स्मार्ट की, खिशात ठेवून नॉब फिरवायची. ॲक्टिव्हाचं असं मॉडेल २०२३ मध्ये आलं, यामाहा एरॉक्सच्या एस व्हर्जनलाही आहे. हिची वेगळी पंचाईत म्हणजे स्पेअर की डिकीत किंवा गाडीला बांधलेल्या बॅगेत टाकली तर गाडीला वाटतं मालक जवळच उभा आहे, मग कोणीही नॉब फिरवावा. त्यामुळे दुसरी स्मार्ट की गाडीपासून लांब, अंगावर नाहीतर दुसऱ्या माणसाकडे. आणि निघायच्या आधी दोन्हींचे सेल बदलून घ्या. बहुतेकांना सीआर२०३२ लागतो पण झाकण उघडून नंबर वाचून मगच आणा.

२. नंबर लिहून ठेवा, टॅग घरी ठेवा

चावीवर किंवा टॅगवर जो नंबर असतो त्याचा फोटो काढा आणि तो फक्त तुमच्याच फोनमध्ये ठेवू नका, घरच्या एका माणसाला पण पाठवा, कारण चावी ज्या जॅकेटच्या खिशातून पडते त्याच खिशात बऱ्याचदा फोनही असतो. टॅग किचेनला लटकवून फिरू नका. त्या नंबरवरून चावी बनू शकते, तो दुसऱ्याच्या हाती कशाला द्यायचा.

३. टूरसाठी डुप्लिकेट बनवा, दुसरी ओरिजिनल घरीच राहू द्या

हे साध्या चावीवाल्यांसाठी. कारण सांगतो. उद्या बाइक चोरीला गेली तर क्लेमच्या वेळी इन्शुरन्सवाले एफआयआर, आरसी यांच्यासोबत दोन्ही ओरिजिनल चाव्या मागतात. एकच दिली की प्रश्न सुरू होतात, दुसरी कुठाय, गाडीलाच ठेवली होती का, कोणाला दिली होती का. म्हणून टूरला एक ओरिजिनल आणि एक डुप्लिकेट न्यायची, दुसरी ओरिजिनल घरी. चिपवाल्यांना मात्र हे जमत नाही, तिसरी चावी प्रोग्रॅम करून घ्या नाहीतर दुसरी ओरिजिनलच न्यावी लागते.

डुप्लिकेट कायम ओरिजिनलवरून काढा, डुप्लिकेटवरून काढलेल्या डुप्लिकेटमध्ये फरक वाढत जातो. त्यातही कपाटातली न वापरलेली ओरिजिनल घेऊन जा, रोजची चावी वर्षानुवर्षं घासून गुळगुळीत झालेली असते आणि मशीन त्या झिजलेल्या खाचाच जशाच्या तशा उतरवतं. साध्या चावीला शंभर-दोनशेच्या आसपास खर्च येतो, त्यात घासाघीस करून अगदी पातळ ब्लँक (खाचा न पाडलेली कोरी चावी) घेऊ नका, हँडल लॉकला जोर लागला की तो वाकतो.

चावी हातात आली की लगेच पैसे देऊन निघू नका, बाइक तिथेच उभी असू द्या आणि एकेक लॉक तपासा: इग्निशन, हँडल लॉक, पेट्रोल टाकी, सीट, साइड पॅनल. डुप्लिकेट चावी इग्निशनला मस्त चालते आणि टाकीला अडते असं पुष्कळदा होतं, कारण इग्निशन रोज फिरून सैल झालेलं असतं आणि टाकीचं कुलूप त्यामानाने घट्ट. अडली तर चावीवाला कानस फिरवून दोन मिनिटांत ठीक करून देतो. कडेला धातूची कुस राहिली असेल तर ती पॉलिश पेपरने काढा. मग निघायच्या आधी दोन-चार दिवस शहरात हीच चावी वापरा. टाकीच्या कुलुपाकडे खास लक्ष द्या. मनालीहून लेहला जाताना टांडीच्या पंपावर पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याचा बोर्ड राइडर लोकांत प्रसिद्ध आहे. तिथे गाडी सुरू होते पण टाकी उघडत नाही अशी वेळ आली तर त्या चावीचा उपयोग काय?

कुलूप जड लागत असेल तर त्यात खाण्याचं तेल, इंजिन ऑइल घालू नका, धूळ चिकटून चार दिवसांत जास्त जड होतं. ग्रॅफाइट पावडर मिळाली तर उत्तम, नाहीतर मऊ पेन्सिलीचं शिसं चावीच्या दोन्ही बाजूंना चांगलं घासा आणि चावी पाच-सहा वेळा आत-बाहेर करा.

४. कुठे ठेवायची (आणि कुठे अजिबात नाही)

आधी नको त्या जागा.

सीटखाली नको. सगळ्यात जास्त लोक इथेच ठेवतात. आणि बहुतेक बाइक्सची सीट त्याच चावीने उघडते! टूलकिटही तिथेच, म्हणजे चावी गेली की स्पेअर चावी, पाना, स्क्रू ड्रायव्हर सगळं एकदम आत बंद.

टॉप बॉक्समध्ये नको, कारण टॉप बॉक्सची चावी तुम्ही त्याच किचेनला लावलेली असते. टँक बॅगेत नको, ती आपण जेवायला थांबलो की काढून खुर्चीवर ठेवतो. पाकिटात ठेवली तर पाकीट मारलं की चावी आणि पैसे दोन्ही जातात, शिवाय पाकिटात बसून बसून पातळ चावी वाकते.

चुंबकाची डबी ऑनलाइन मिळते, फ्रेमच्या आतल्या बाजूला चिकटवायची. माझं मत विचाराल तर घेऊ नका. चिखल, पाणी, खड्डे यात ती सरकत सरकत पडते, ॲल्युमिनियमच्या भागाला तर चिकटतच नाही, आणि इंजिनजवळ लावली तर तापते. कधी पडली ते कळत पण नाही, आपण आपले निर्धास्त.

आता बऱ्या जागा. जोडीला कोणी मागे बसणार असेल तर प्रश्नच मिटला, चावी त्यांच्याकडे, त्यांच्या आतल्या चेनवाल्या खिशात. एकटे असाल तर अंगावर. रायडिंग जॅकेटच्या आत एक छोटा खिसा असतो, पण जॅकेट आपण धाब्यावर काढून ठेवतो त्यामुळे तोही पुरेसा नाही. कमरेच्या पट्ट्याचं पाउच, किंवा लेस घालून गळ्यात शर्टच्या आत, हे झोपतानाही सोबत राहतं. मी ट्रॅव्हल पँटच्या आतल्या बाजूला, कमरेच्या शिवणीजवळ शिंप्याकडून चावीच्या मापाचा खिसा शिवून घेतलाय, वर वेल्क्रो. चावी झिपलॉकमध्ये, नाहीतर घामाने काळी पडते. पँट धुवायला टाकताना काढायची आठवण तेवढी ठेवावी लागते.

गाडीलाच लपवायची असेल तर एकच पद्धत त्यातल्या त्यात बरी: ज्या पॅनलला कुलूप नाही, नुसते ॲलन बोल्ट आहेत, त्याच्या आत चावी रबरी ट्यूबच्या तुकड्यात गुंडाळून दोन झिप टायने फ्रेमला आवळायची, फिरत्या भागांपासून आणि सायलेन्सरपासून लांब. ॲलन की तुमच्या खिशात. तरी मी हे निर्जन भागातल्या एकट्याच्या राइडपुरतंच सुचवीन, कारण चावी गाडीतच होती असं निघालं तर चोरीच्या क्लेमला निष्काळजीपणाचा मुद्दा निघू शकतो. शहरात आलात की ती काढून घ्या.

५. ग्रुपमध्ये असाल तर चाव्यांची अदलाबदल करा

सगळ्यात सोपा उपाय हाच आहे. निघायच्या दिवशी सकाळी पहिल्या चहाला प्रत्येकाने आपली स्पेअर दुसऱ्याला द्यायची, चावीला रंगीत टेप लावून त्यावर फक्त नाव लिहायचं. गाडीचा नंबर आणि पत्ता लिहू नका, हरवली तर सापडणाऱ्याला गाडी शोधून दिल्यासारखं होतं.

कोणाला द्यायची यावर जरा विचार करा. जो सगळ्यांच्या पुढे सुसाट जातो त्याच्याकडे चावी देऊन उपयोग नाही, तुम्ही दापोलीत अडकलात तर तो गुहागरला पोचलेला असणार. शेवटी चालणाऱ्याकडे द्या, म्हणजे तुम्ही कुठे थांबलात तरी तो मागून येणारच.

कोकण किनाऱ्याचंच बघा ना. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड, राइड करताना दर दोन-तीन तासांनी एक फेरीबोट लागते. एकदा दाभोळच्या जेट्टीवर आमच्यातल्या एकाने बोटीवर गाडी लावली, चावी काढली, तिकिटाचे सुट्टे काढताना चावी त्याच हातात, आणि कठड्याला टेकून पैसे मोजता मोजता ती थेट खाडीत. बोट धोपाव्याला लागली, मागे जीप हॉर्न वाजवतायत, गाडीचं हँडल नशिबाने लॉक नव्हतं म्हणून चौघांनी ढकलून उतरवली. त्याची स्पेअर दुसऱ्याकडे होती पण तो आधीच्या बोटीने पलीकडे जाऊन पुढे निघून गेलेला, मोबाइलला रेंज नाही. दीड तास धोपाव्याच्या उन्हात उभे होतो. तेव्हापासून नियम केलाय की एकमेकांच्या चाव्या असलेले दोघे एकाच बोटीत चढणार.

आणि बोटीवर हँडल लॉक करायचं नाही. गाडी गिअरमध्ये टाकून स्टँडवर, चावी काढून खिशात, चेन बंद.

६. बाकीच्या चाव्या विसरू नका

डिस्क लॉक, केबल लॉक, टॉप बॉक्स, सॅडल बॉक्स, हेल्मेट लॉक, सगळ्यांच्या दोन दोन चाव्या येतात. त्यांचा एक पूर्ण सेट स्पेअर बाइकच्या चावीसोबतच ठेवा. बाइक सुरू होतेय पण डिस्क लॉक उघडत नाही, यात अडकलात तर ते कटरने कापावंच लागतं, आणि चांगल्या कंपनीचं असेल तर कापतानाही घाम निघतो.

उलट रोजच्या चावीला मात्र बाकी काही लटकवू नका. घराची, ऑफिसची, कपाटाची असा झुपका इग्निशनला लोंबकळला की खड्ड्यांवर सारखा हलतो, इग्निशन आतून झिजतं आणि टाकीवर ओरखडे पडतात ते वेगळे. बाइकची चावी, एक भडक रंगाची कापडी पट्टी, बास. वाळूत किंवा गवतात पडली तर पट्टी दिसते.

७. घरच्यांना जागा नीट सांगा

"कपाटात आहे" एवढं सांगून भागत नाही. गोदरेजच्या कपाटाच्या डाव्या खणात, आरसीच्या फाइलखाली, पांढऱ्या पाकिटात, वर बाइकचं नाव लिहिलेलं, असं सांगा आणि फोटो पाठवा. आई-बाबा रात्री अकराला फोनवर घाबरून शोधणार असतात, त्यांना हुडकायला लावू नका.

चावी मागवायची वेळ आली तर महाराष्ट्रात सगळ्यात भरवशाचा मार्ग म्हणजे रात्रीची ट्रॅव्हल्स किंवा एसटी पार्सल. ड्रायव्हर-क्लीनरचा मोबाइल नंबर, बसचा नंबर आणि बस तुमच्या गावात नेमकी कुठल्या स्टॉपवर थांबते हे तीन विचारून घ्या. चावी मोकळी पाकिटात टाकू नका, पुठ्ठ्याला टेपने चिकटवा, नाहीतर कागद फाडून बाहेर पडते. राज्याबाहेर असाल तर कुरिअर किंवा स्पीड पोस्ट, पण त्यात दिवस जातात, तोवर मुक्काम आलाच.

८. हरवली तर या क्रमाने

जागचे हलू नका. आधी इग्निशन, मग टाकीचं झाकण, सीटचं कुलूप, टॉप बॉक्स, हेल्मेटच्या आत, ग्लोव्हजमध्ये. चावी बऱ्याचदा शेवटच्या उघडलेल्या कुलपालाच लटकलेली असते. मग शेवटच्या थांब्याला फोन. हॉटेलचं बिल, यूपीआयचं पेमेंट उघडा, तिथे दुकानाचं नाव मिळतं.

नाहीच सापडली तर स्पेअर वापरा, आणि हीच तुमची शेवटची चावी आहे हे लक्षात घेऊन त्याच दिवशी पुढच्या मोठ्या गावात तिची एक कॉपी काढा. हे लोक टाळतात, अजून दोनच दिवस राहिलेत म्हणतात. टाळू नका.

स्पेअरच नसेल तर हँडल लॉक आहे का बघा. नसेल तर गाडी ढकलत किंवा छोट्या टेम्पोत घालून गावात नेता येते. असेल तर चावीवाल्याला किंवा रोडसाइड असिस्टन्सला गाडीपाशीच बोलवा. साध्या कुलपावरून नवी चावी घडवणारे कारागीर तालुक्याच्या बाजारात मिळतात, ते आरसी बघायला मागतील आणि मागितलीच पाहिजे. मेकॅनिक "डायरेक्ट करून देतो" (म्हणजे चावीशिवाय वायर जोडून गाडी सुरू करतो) म्हणेल तर वायर कापू देऊ नका, इग्निशनचा कपलर, म्हणजे वायरींचा जोड, सुटतो तिथून करायला सांगा, म्हणजे नंतर पूर्ववत होतं. चिपवाल्या गाडीत हा खटाटोप करूच नका.

ओरिजिनल हरवली असेल तर पोलिसांत हरवल्याची नोंद करून तिची प्रत ठेवा. पुढे कधी क्लेमची वेळ आली तर दुसरी ओरिजिनल का नाही याचं उत्तर त्या कागदात असतं.

९. चावी तुटली तर

हँडल लॉक काढताना जोर लावला की हे होतं. आधी हँडल थोडं डावी-उजवीकडे हलवून ताण सोडवा, मग चावी फिरवा. तरी तुटलीच तर दुसरी चावी घालून ढकलू नका, तुकडा अजून आत जातो. बारीक चिमट्याने सरळ बाहेर ओढा. आणि दोन्ही तुकडे जपून ठेवा, ते जुळवून चावीवाला नवीन काढू शकतो.

१०. भाड्याची बाइक आणि रेल्वेने पाठवलेली बाइक

गोव्यात काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांची भाड्याची गाडी घेतलीत तर चावी एकच मिळते. दुसरी कुठे आहे, रात्री हरवली तर कोण आणून देणार आणि त्याचे किती पैसे, हे गाडी घेतानाच व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. बीचवर जाताना चावी शॉर्टच्या उघड्या खिशात नको, लेस लावून गळ्यात. साधी चावी असेल तर समुद्राच्या पाण्याने काही होत नाही, स्मार्ट की मात्र पाण्यात नेऊ नका.

रेल्वेने बाइक पाठवताना टाकी रिकामी करावी लागते, आरसी-इन्शुरन्सच्या झेरॉक्स लागतात, पॅकिंग करावं लागतं. पॅकिंगवाला कधी कधी चावी गाडीलाच बांधू का विचारतो, नाही म्हणा. हँडल लॉक न करता गाडी द्या आणि दोन्ही चाव्या स्वतःकडे, पण दोन वेगळ्या बॅगांत.

११. परतताना

ग्रुप फुटायच्या आधीच्या शेवटच्या चहाला चाव्या परत घ्या. तिथून कोणी पुण्याकडे वळतो, कोणी नाशिककडे, आणि चावी महिनाभर दुसऱ्याच्या जॅकेटमध्ये राहते. घरी आलात की डुप्लिकेट धुऊन-पुसून टूरच्या पाउचमध्ये ठेवा, रोजच्या वापरात घेऊ नका, म्हणजे पुढच्या वेळी ती न झिजलेली मिळेल.